मान जायबंदी झाली तरी काँप्युटर चालविता येतो : साधन कसे निवडावे

माडावरून पडणे, विहिरीच्या काठावरून तोल जाणे, ट्रॅक्टर उलटणे, माळ्यावरचे गवत काढताना पाय घसरणे. आपल्या गावांतून पाठीचा कणा जायबंदी झालेली जी माणसे आहेत, त्यांना दुखापतीचे कारण विचारले तर बहुधा ह्यांपैकीच एखादे निघते. आपल्या देशात उंचावरून पडणे हे ह्या दुखापतीचे एक मोठे कारण आहे, आणि पडणारा पुष्कळदा घरातला कमावता, तरणा माणूस असतो. मार कमरेत बसला तर पाय जातात, हात शाबूत राहतात. तो माणूस चाकाच्या खुर्चीत बसून पुष्कळ कामे करू शकतो. मार मानेत बसला तर मात्र पायांबरोबर हातही जातात, निदान अर्धेमुर्धे जातात. ह्या लेखात आम्ही ह्या दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांविषयी लिहिणार आहोत, आणि तेही एकाच गोष्टीपुरते : अशा माणसाला काँप्युटर किंवा मोबाईल चालवावयाचा असेल तर साधन कोणते घ्यावे.

शेतकऱ्याच्या घरात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. थोडा विचार करा. ज्या माणसाला पेन धरता येत नाही, पुस्तकाचे पान उलटता येत नाही, नाकावर बसलेली माशी हाकलता येत नाही, त्याला काँप्युटर नुसत्या मानेच्या, श्वासाच्या किंवा डोळ्यांच्या हालचालीने चालविता येतो. त्यावर तो पत्र लिहू शकतो, बाजारभाव पाहू शकतो, बँकेतली शिल्लक तपासू शकतो. गोव्यात असेल तर एक-चौदाचा उतारा आणि कर्नाटकात असेल तर पहाणी घरबसल्या पाहू शकतो. शेत भाऊ कसतो, पण खताचे, मजुरीचे, दुधाच्या रतिबाचे हिशेब अंथरुणावरून हा माणूस ठेवतो, अशी व्यवस्था घरात बसविता येते. शिकलेल्या तरुणाला तर त्यातून चार पैसे मिळविण्याची वाटही निघू शकते. तेव्हा ह्याला कोणी चैनीचा विषय समजू नये.

ही कल्पना नवीनही नाही. इंग्लंडातील स्टोक मँडेव्हिल येथे १९४४ साली डॉ. लुडविग गुटमान ह्यांनी कण्याच्या दुखापतींसाठी खास विभाग सुरू केला. त्याआधी असे रुग्ण पाठीवरच्या जखमा आणि लघवीचे विकार ह्यांनी थोड्याच महिन्यांत दगावत. गुटमान ह्यांनी त्यांना जगविले. मग जगलेल्या माणसाने दिवसभर करावयाचे काय, हा प्रश्न उभा राहिला. १९६० च्या सुमारास रेज मेलिंग नावाच्या गृहस्थांनी त्याच इस्पितळातील रुग्णांसाठी एक यंत्र बनविले. तोंडातल्या नळीतून हवा ओढली किंवा फुंकली की त्याने दिवा लावता येई, घंटा वाजविता येई आणि पुढे टंकलेखन यंत्रही चालविता येऊ लागले. यंत्राच्या लांबलचक इंग्रजी नावातली आद्याक्षरे जुळवून त्याला ‘पोसम’ म्हणू लागले. आम्ही सेमिनरीत लॅटिन घोटले असल्यामुळे ह्या नावाची गंमत आम्हांस विशेष वाटते, कारण लॅटिनमध्ये ‘पोसुम’ म्हणजे ‘मला शक्य आहे’. आजची सगळी साधने ह्या नळीचीच भावंडे आहेत.

आता निवडीकडे वळू. बाजारात जाऊन ‘अपंगांसाठी चांगला माउस द्या’ असे म्हणणे म्हणजे जमीन न सांगता बियाणे मागण्यासारखे आहे. आधी रुग्णाच्या अंगात कोणती हालचाल शिल्लक आहे हे पाहावे लागते, आणि ती शिल्लक मार किती उंचीवर बसला ह्यावर अवलंबून असते.

मानेत सात मणके असतात आणि त्या भागातून मज्जातंतूंच्या आठ जोड्या बाहेर पडतात. डॉक्टर त्यांना इंग्रजी ‘सी’ अक्षर व आकडा लावून ओळखतात. इस्पितळातून घरी पाठविताना जो कागद मिळतो त्यावर ‘सी-५’, ‘सी-६’ असे लिहिलेले असते. त्याचा ढोबळ अर्थ असा की त्या आकड्यापर्यंतचे तंतू काम देतात, त्याखालचे देत नाहीत. हा कागद नीट जपून ठेवा; पुढे कोणाही तज्ज्ञाकडे गेलात तरी तो पहिल्यांदा हाच मागेल.

सी-१ ते सी-३ म्हणजे सर्वांत वरचा मार. श्वासाचा पडदा हलविणारे तंतू तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या जोडीतून येतात. म्हणून अशा रुग्णाला श्वासासाठी यंत्र लागते. त्याचे डोळे, जीभ, ओठ, गाल चालतात आणि मान थोडीफार वळते. सी-४ वाल्याला मान नीट हलविता येते आणि खांदे उडविता येतात. सी-५ वाल्याला दंड बाजूला उचलता येतो आणि कोपर वाकविता येते, पण मनगट लुळे असते. सी-६ वाल्याला मनगट वर उचलता येते, आणि ही एवढीशी हालचाल किती मोलाची आहे ते पुढे सांगतो. सी-७ ला कोपर ताकदीने सरळ करता येते. सी-८ ला बोटे मिटता येतात. मार ‘अपुरा’ असेल, म्हणजे मज्जारज्जू पूर्ण निकामी झालेला नसेल, तर ह्या हिशेबात फरक पडतो. एकच आकडा असलेले दोन रुग्ण सारखे नसतात. उजवा हात सी-६ आणि डावा सी-५ असेही असते. म्हणून कागद वाचावा, पण त्यापेक्षा माणसाकडे अधिक पाहावे.

काळाचाही विचार हवा. जी हालचाल परत यावयाची ती बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत ते वर्षभरात येते. तेव्हा अपघातानंतर दुसऱ्याच महिन्यात शेत गहाण टाकून महागडे यंत्र आणणे शहाणपणाचे नाही; तोपर्यंत मनगट जागे झाले तर ते यंत्र फुकट जाईल. मात्र वर्षभर काहीच न करता पडून राहणे हे त्याहून वाईट. पहिल्या वर्षी बिनपैशाच्या व थोड्या पैशांच्या साधनांवर काम सुरू करावे.

साधनाच्याही आधी बैठक. हे बऱ्याच घरांत उलटे होते : यंत्र आणतात आणि माणूस उशांच्या ढिगावर तिरका पडलेला असतो. धड ताठ राहत नसेल, मान एका बाजूला कलत असेल, तर जगातले सर्वांत चांगले यंत्रही चालणार नाही. पाठीला व दोन्ही बाजूंना आधार हवा, कोपराखाली फळी किंवा उशी हवी, आणि पडदा डोळ्यांच्या रेषेत समोर हवा. पडद्याखाली चार विटा ठेवल्या तरी चालतात. जो माणूस पलंगावरच असतो त्याच्यासाठी मोबाईल धरणारा वाकता दांडा पलंगाच्या कडेला पक्का करावा. तो सैल बसवू नये, कारण वरून यंत्र तोंडावर पडले तर ते बाजूला सारावयास त्याचे हात नाहीत. लॅपटॉप तर त्याच्या मांडीवर कधीही ठेवू नये. खालून तो तापतो, आणि मांडीला संवेदना नसल्यामुळे कातडी भाजली तरी त्याला कळत नाही.

आता सी-६ च्या मनगटाविषयी. हे मनगट वर उचलले की बोटांच्या शिरा ताणल्या जाऊन लुळी बोटे आपोआप आत मिटतात. मनगट खाली सोडले की ती उघडतात. बोटांत जोर नसताना ह्या युक्तीने माणूस पेला, काठी, चमचा धरू शकतो. एका घरी आम्ही गेलो असता आईने मोठ्या कौतुकाने सांगितले, “फादर, बोटं मिटून बसतात म्हणून रोज तेल लावून सरळ ताणतो आम्ही.” माउलीची माया खरी, पण मनगट वर असताना बोटे सरळ ताणत राहिले तर त्या शिरा सैल पडतात आणि ही नैसर्गिक पकड कायमची जाते. व्यायाम द्यावयाचा तो असा : मनगट वर करताना बोटे मिटलेली ठेवावीत, आणि बोटे उघडताना मनगट खाली वाकवावे. फिजिओथेरपिस्टकडून हे एकदा प्रत्यक्ष शिकून घ्यावे. सी-६ च्या रुग्णाच्या हाताने ट्रॅकबॉल चालणार की नाही हे बरेचसे ह्या एका गोष्टीवर ठरते.

सी-६ व सी-७ वाल्यांना साधा की-बोर्ड चालतो. तळहाताभोवती एक रुंद पट्टा बांधतात, त्याला आतून लहानसा कप्पा असतो, कप्प्यात काडी खोचतात आणि काडीच्या टोकाने एकेक कळ दाबतात. पट्टा शिवावयास गावचा चांभार पुरेसा आहे. काडी म्हणून रबर असलेली पेन्सिल उलटी खोचली तरी भागते. पट्टा फार घट्ट बांधू नये आणि सोडल्यावर कातडीवर लाल वण उठला आहे का ते रोज पाहावे. वण अर्ध्या तासात गेला नाही तर पट्टा बदलावा. मोबाईलच्या काचेला मात्र ही पेन्सिल चालत नाही. ती काच बोटातल्या सूक्ष्म विद्युत्‌भाराने ओळख पटविते, लाकूड-रबराला ती दाद देत नाही. त्यासाठी वीजवाहक टोकाची निराळी काडी दुकानात मिळते, ती स्वस्त असते. ‘काडी लावून पाहिली, चालत नाही’ म्हणून मोबाईल बाजूला ठेवण्याआधी हे ध्यानात घ्यावे.

एका काडीने टंकलेखन करणाऱ्यास दोन कळा एकदम दाबता येत नाहीत. त्यासाठी विंडोज काँप्युटरमध्ये सोय असते : ‘शिफ्ट’ची कळ ओळीने पाच वेळा दाबली की ‘स्टिकी कीज’ सुरू करावयाचे का असे यंत्रच विचारते. मग शिफ्ट आधी आणि अक्षर मागून, असे एकामागून एक दाबले तरी चालते. हात थरथरून एकच अक्षर चार वेळा उमटत असेल तर ‘फिल्टर कीज’ लावावे. ह्या दोन्ही सोयींना एक पैसाही पडत नाही, आणि त्या असतात हेच पुष्कळांना ठाऊक नसते.

साध्या माउसच्या जागी ट्रॅकबॉल घ्यावा. ह्यात यंत्र जागच्या जागी राहते आणि वरचा गोळा तळहाताच्या कडेने, मिटलेल्या मुठीने किंवा अंगठ्याच्या सांध्याने फिरवावयाचा असतो. गोळा जितका मोठा तितके बरे. आमच्या मते मानेच्या मधल्या व खालच्या मारासाठी इतक्या थोड्या पैशांत इतके उपयोगी दुसरे काही नाही. गोळ्याखाली धूळ व घामाचा मळ साचला की बाण अडखळतो. तेव्हा यंत्र बिघडले असे समजू नये, गोळा काढून खालचे छोटे टेकू कोरड्या फडक्याने पुसावेत.

सी-५ वाल्याचा हात हलतो, पण हवेत टिकत नाही. त्याला कोपराखाली झुलता आधार आणि मनगट ताठ ठेवणारी पट्टी द्यावी व त्या पट्टीलाच काडी बांधावी. कळांवर भोके पाडलेली पातळ फळी बसविली तर हात फळीवर टेकवून हव्या त्याच भोकात काडी घालता येते. मोठा ट्रॅकबॉल किंवा उंच दांड्याची जॉयस्टिकही ह्यांना चालते. मात्र दिवसभर खांद्यावर भार पडत असल्यामुळे खांदे दुखू लागतात, आणि ह्या माणसांना खांद्यांखेरीज दुसरे काही नाही. म्हणून जेथे जमेल तेथे बोलून काम घ्यावे आणि हात राखून ठेवावेत.

सी-४ वाल्याचे भांडवल म्हणजे मान आणि तोंड. सर्वांत जुनी व स्वस्त युक्ती म्हणजे तोंडात धरावयाची काडी. अमेरिकेतील जोनी एरेक्सन टाडा ही बाई १९६७ मध्ये पाण्यात सूर मारताना मान मोडून पांगळी झाली, ती दातांत कुंचला धरून चित्रे काढते हे ख्रिस्ती वाचकांपैकी अनेकांनी वाचले असेल. काडीनेही तसेच काम होते. पण काडी दातांत कशीही धरली तर पुढचे दात हलू लागतात. दंतवैद्याकडून रुग्णाच्या दातांच्या मापाची पकड करून घ्यावी, म्हणजे भार सर्व दातांवर वाटला जातो. काडी हलकी असावी, आणि की-बोर्ड आडवा न ठेवता उतरत्या पाटावर तिरका उभा करावा, म्हणजे मान फार खाली वाकवावी लागत नाही. दोन कामांच्या मध्ये काडी ठेवावयास तोंडाजवळ एक खाच हवी. नाहीतर दर वेळी घरच्यांना हाक मारावी लागते. तोंडातले साधन आहे, तेव्हा ते रोज धुवावे हे सांगावयास नकोच.

काडी नको असेल तर मानेने चालणारा माउस आहे. एका प्रकारात कपाळावर किंवा चष्म्यावर चमकणारी टिकली लावतात आणि पडद्यावरचा लहान कॅमेरा त्या टिकलीवर नजर ठेवतो. मान डावीकडे गेली की बाण डावीकडे. दुसऱ्या प्रकारात टिकलीही लागत नाही. बॉस्टन कॉलेज ह्या जेज्विटांच्या विद्यापीठात प्राध्यापक जेम्स गिप्स व त्यांचे सहकारी ह्यांनी ‘कॅमेरा माउस’ नावाची प्रणाली तयार केली. साधा कॅमेरा नाकाचे टोक किंवा भुवईचा कोपरा टिपतो आणि बाण त्यामागे फिरतो. ही प्रणाली लोकांना विनामूल्य देण्यात आली. क्लिक करावयाची तर बाण त्या जागी क्षणभर स्थिर ठेवला की झाले. किती वेळ स्थिर ठेवावयाचे ते ठरविता येते. नवशिक्याने तो वेळ जास्त ठेवावा, नाहीतर नको तेथे क्लिक होऊन माणूस वैतागतो. लिहिण्यासाठी पडद्यावरच की-बोर्ड उघडावा. तोही काँप्युटरमध्ये आधीच असतो. मान दुखण्याची तक्रार असेल, किंवा मानेला अजून पट्टा असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे साधन वापरू नये.

तोंडाने हलविण्याची जॉयस्टिकही असते. दांडा ओठांनी किंवा हनुवटीने हलवावयाचा आणि क्लिकसाठी त्यातच हवा ओढावयाची अगर फुंकावयाची. ओढणे-फुंकणे म्हणजे छातीतून जोर लावणे नव्हे. लहान मूल नळीने सरबत पिते तसे गालांनीच करावयाचे असते. म्हणूनच श्वासाचे यंत्र लागलेल्या रुग्णालाही ते शिकविता येते. नळीत लाळ जाते. ती वेळच्या वेळी बदलावी.

आता बोलण्याविषयी. पुष्कळांना वाटते की मोबाईल बोललेले ऐकतो, मग हा सगळा खटाटोप कशाला? खरे आहे, आणि आम्हीही प्रत्येकाला आधी हेच करून पाहण्यास सांगतो. २०१७ साली गूगलने आवाजावरून लिहिण्याची सोय मराठी, कन्नड, गुजराती, तेलुगू अशा आणखी आठ भारतीय भाषांना दिली. मराठीत बोललेले मराठीत उमटते; सीमाभागातले कन्नड मिसळलेले बोलणे मात्र त्याला गोंधळात टाकते, आणि गावांची, माणसांची नावे तपासून घ्यावीच लागतात. पण बोलून लिहिणे निराळे आणि बोलून यंत्र चालविणे निराळे. ‘हे उघड’, ‘खाली सरक’, ‘सातव्या आकड्यावर दाब’ अशा आज्ञा देण्याची सोयही आज मोबाईलमध्ये व काँप्युटरमध्ये असते. तिच्यासाठी बहुधा थोडे इंग्रजी शब्द शिकावे लागतात. वीस-पंचवीस शब्दांत रोजचे काम भागते. शाळा सातवीत सुटली म्हणून कोणी ह्याला घाबरू नये.

तथापि आवाजाच्या चार अडचणी आहेत. मानेत मार असलेल्याचा श्वास अपुरा असतो. तास-दीड तास बोलले की आवाज बसतो आणि बसलेला आवाज यंत्राला ओळखू येत नाही. सर्दीखोकल्याच्या दिवसांत तर तो दिवसच्या दिवस बंद. दुसरी अडचण घरातल्या गोंगाटाची : मिक्सर, टेलिव्हिजन, कोंबड्या, पावसाळ्यात पत्र्यावरचा पाऊस. कानाला लावून तोंडाजवळ येणारा मायक्रोफोन घेतला तर ही पुष्कळ कमी होते. तिसरी म्हणजे बऱ्याच ठिकाणी इंटरनेटची तार धड नसते, आणि आवाजाच्या काही सोयी तिच्याशिवाय चालत नाहीत. चौथी अडचण फारसे कोणी बोलून दाखवीत नाही, पण आम्हांस ती सर्वांत मोठी वाटते. ज्या माणसाला आंघोळ दुसरा घालतो, लघवीची पिशवी दुसरा रिकामी करतो, त्याच्यापाशी खाजगी असे काय उरते? एक मन उरते. त्याने मित्राला पत्र लिहावे तेही मोठ्याने, सगळ्या घरासमोर? बँकेचा गुप्त शब्द शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा उच्चारावा? म्हणून ज्याला आवाज उत्तम चालतो त्यालाही एक मुके साधन, मानेचे असो वा नळीचे, शिकवून ठेवावेच. दुसरे साधन आजारपणातही उपयोगी पडते आणि एकाच स्नायूवर सारा भार येत नाही.

ज्याच्या अंगात अगदी एकच भरवशाची हालचाल आहे, त्याच्यासाठी एका बटणाची पद्धत आहे. पडद्यावर अक्षरांच्या ओळी एकामागून एक उजळत जातात. हवी ती ओळ उजळली की बटण दाबावयाचे, मग त्या ओळीतली अक्षरे एकेक उजळतात, पुन्हा दाबावयाचे. बटण गालाने, डोक्याने, श्वासाने, कशानेही दाबता येते. मोबाईलमध्ये ही सोय आधीपासूनच असते, बटण तेवढे विकत घ्यावे लागते. काम संथ, पण श्रम थोडे. संथपणाला कंटाळून घरचे लोक वाक्य अर्धवटच पुरे करतात. तसे करू नये, त्याला त्याचे वाक्य संपवू द्यावे.

डोळ्यांनी चालणारे यंत्र सर्वांत वरच्या मारासाठी. पडद्याखालची पट्टी डोळ्यांवर न दिसणारे अवरक्त किरण टाकते आणि त्यांच्या परावर्तनावरून नजर कोठे आहे ते मोजते. प्रथम पडद्यावरच्या ठिपक्यांकडे पाहून यंत्राला आपली नजर शिकवावी लागते. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर ते गोंधळते. चष्म्याच्या काचेवर चमक आली, पापणी लोंबत असली तरी अडते. चांगली यंत्रे महाग आहेत. २०२४ पासून काही आयफोनांत ही सोय आतच देण्यात आली आहे, पण मुख्य साधन म्हणून तिच्यावर भिस्त ठेवण्याआधी पुष्कळ दिवस वापरून पाहावे. मान चालत असताना डोळ्यांचे यंत्र घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. डोळे पाहण्यासाठी आहेत. पाहणे आणि हुकूम देणे ही दोन्ही कामे त्यांच्यावर टाकली की ते लवकर शिणतात.

मेंदूत यंत्र बसवून नुसत्या विचाराने बाण हलविण्याच्या बातम्या मोबाईलवर फिरतात. त्या खोट्या नाहीत. २००४ मध्ये अमेरिकेत मॅथ्यू नेगल ह्या मान जायबंदी झालेल्या तरुणाच्या मेंदूत तसे यंत्र बसविले होते, आणि जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंक कंपनीने नोलंड आर्बॉ ह्या तरुणावर तशी शस्त्रक्रिया केली. तो त्यावर बुद्धिबळ खेळला. परंतु हे सारे प्रयोग आहेत, दुकानातली वस्तू नव्हे. ‘ते आले की बघू’ म्हणून आज काडी आणि ट्रॅकबॉल नाकारणे म्हणजे पुढच्या वर्षीच्या कालव्याच्या आशेवर यंदाची विहीर बुजविणे.

काम सुरू झाल्यावर दोन धोके संभवतात, ते घरातल्या प्रत्येकाला माहीत असावेत. पहिला जखमांचा. काँप्युटरमध्ये माणूस रमला की तासन्‌तास एकाच जागी बसतो. संवेदना नसल्यामुळे त्याला अवघडल्यासारखे वाटत नाही, आणि बैठकीच्या हाडांवरची कातडी आतून कुजू लागते. दर पंधरा-वीस मिनिटांनी घड्याळाचा गजर लावून खुर्ची मागे कलती करावी किंवा त्याला एका बाजूस झुकवून भार काढावा, आणि रात्री कातडी पाहावी. सुरुवातीचे बसणे एकूणच वीस मिनिटांचे असावे, मग हळूहळू वाढवावे.

दुसरा धोका त्याहून तातडीचा. ज्यांचा मार छातीच्या सहाव्या पातळीला किंवा तिच्या वर आहे, म्हणजे मानेचे सगळेच रुग्ण, त्यांचा रक्तदाब एकाएकी भयंकर चढू शकतो. कारण बहुधा क्षुल्लक असते : लघवीची पिशवी भरली, नळी वळली, शौचाला खडा झाला, कपडा काचला. अचानक ठणकणारी डोकेदुखी, चेहरा लाल, मानेवर घाम, नाक चोंदणे ही खूण. लगेच त्याला ताठ बसवावे, आडवे करू नये. पट्टे व कपडे सैल करावेत, नळी मोकळी करावी. दोन-चार मिनिटांत उतार पडला नाही तर वाट न पाहता दवाखान्यात न्यावे, कारण ह्यात मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून काँप्युटरवर बसविण्यापूर्वी पिशवी रिकामी करावी, आणि एकट्याला सोडून सारे घर शेतावर जाऊ नये. हाक मारण्याची काहीतरी सोय, मोबाईलला आवाज देऊन फोन लावण्याची का असेना, त्याच्याजवळ हवीच.

विजेचे विसरू नका. मानेने किंवा डोळ्यांनी चालणारे साधन वीज गेली की मुके होते. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, म्हणून टेबलावरच्या काँप्युटरपेक्षा तो बरा. पण वर म्हटल्याप्रमाणे पाटावर, मांडीवर नव्हे.

सल्ला कोणाचा घ्यावा? दुकानदाराचा शेवटी. ह्या कामासाठी शिकलेला माणूस म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट. मोठ्या इस्पितळांत तो असतो. आपल्या भागातून पुष्कळ लोक वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात जातात. तेथल्या डॉ. मेरी वर्गीस १९५४ मध्ये मोटार अपघातात कमरेखाली पांगळ्या झाल्या, तरी चाकाच्या खुर्चीतून शस्त्रक्रिया करीत राहिल्या; १९६६ मध्ये सुरू झालेली तेथली पुनर्वसन संस्था त्यांच्याच खटपटीचे फळ आहे. मुंबईत हाजी अली येथे केंद्र सरकारची संस्था आहे आणि दिल्लीत मेजर अहलुवालिया ह्यांनी स्थापन केलेले स्पायनल इंज्युरीज सेंटर आहे. तेथे जाताना घरातल्या टेबलाची उंची, पलंगाची उंची आणि रुग्ण रोज वापरतो तो मोबाईल बरोबर न्यावा. विकत घेण्याआधी निदान आठ दिवस साधन वापरावयास मिळेल का हे विचारावे. मिळत नसेल तर तेथेच दोन-तीन वेळा, सकाळी ताजेपणी आणि संध्याकाळी थकल्यावरही, वापरून पाहावे. सकाळी चाललेले संध्याकाळी चालत नाही, असे फार वेळा होते.

सरकारी मदतीसाठी आधी अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि त्यावरून मिळणारे युडीआयडी कार्ड लागते. त्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो आणि तपासणी सरकारी इस्पितळात होते. उपकरणांसाठी केंद्राची अ‍ॅडिप ही योजना आहे; तिला उत्पन्नाची अट असते, म्हणून उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा. अर्जात ‘काँप्युटरचे साधन’ एवढेच लिहू नये. थेरपिस्टकडून साधनाचे नेमके नाव आणि ते का हवे ह्याच्या दोन ओळी त्यांच्या सहीशिक्क्यानिशी लिहून घ्याव्यात व त्याची एक प्रत घरी ठेवावी.